ऐतिहासिक चित्रपटात कोणी कोणाची भूमिका करावी?

२०२३ च्या मे महिन्यात नेटफ्लिक्सवर ‘क्वीन क्लिओपात्रा’ ही माहितीपट-मालिका आली, पण तिच्यावरचा वाद त्याआधीच, तिची झलक प्रसिद्ध होताच पेटला होता. आफ्रिकी वारसा असलेल्या ॲडेल जेम्स या ब्रिटिश अभिनेत्रीने त्यात क्लिओपात्राची भूमिका केली होती. राणी ग्रीक वंशाची व उजळ वर्णाची होती, सबब ही निवड म्हणजे इजिप्तच्या इतिहासाचे विकृतीकरण आहे, असे निवेदन इजिप्तच्या पर्यटन व पुरातत्त्व मंत्रालयाने काढले. त्यावर दुसऱ्या बाजूने विचारले गेले की, १९६३ च्या ‘क्लिओपात्रा’मध्ये एलिझाबेथ टेलर राणी झाली, तेव्हा तिचा चेहरा तरी प्राचीन नाण्यांवरच्या चेहऱ्याशी कुठे जुळत होता? दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि तरीही त्या एकमेकांना उत्तर देत नव्हत्या, कारण मुळात त्या वेगवेगळ्या प्रश्नांवर बोलत होत्या.

अशा जवळजवळ प्रत्येक वादात तीन प्रश्नांची सरमिसळ झालेली असते. त्या काळाविषयी पुरावा काय सांगतो, हा एक. पडद्यावर येण्याची संधी कोणाला मिळाली आणि कोणाला पिढ्यान्पिढ्या नाकारली गेली, हा दुसरा. आणि कलावंताला पुराव्यापासून किती दूर जाता येते, हा तिसरा. यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला लावले की वाद विझत नाही, नुसता धुमसत राहतो.

क्लिओपात्राच्या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी बोलका आहे, पण पुरता नाही. इ.स.पू. ६९ मध्ये जन्मलेली ही राणी टॉलेमी घराण्यातली होती, आणि त्या घराण्याचा मूळपुरुष अलेक्झांडरचा मॅसिडोनियन सेनापती होता. घराण्यात आपापसांत विवाह करण्याची रीत होती. मात्र तिच्या आईविषयी आणि पितामहीविषयी इतिहासकारांना खात्रीने सांगता येत नाही. प्लुटार्क लिहितो की, आधीच्या राजांनी इजिप्ती भाषा शिकण्याची तसदी घेतली नव्हती. तिला ती येत होती. एवढ्या सामग्रीवरून ती मुख्यतः ग्रीक-मॅसिडोनियन होती असे म्हणणे रास्त आहे. पण तिच्या त्वचेची नेमकी छटा सांगणे पुराव्याच्या पलीकडचे आहे. शिवाय ‘गोरे’ आणि ‘काळे’ ही आजची वर्गवारी बऱ्याच अंशी गेल्या काही शतकांतील गुलामांच्या व्यापारातून आणि वसाहतवादातून घडलेली आहे. अलेक्झांड्रियातील माणसे स्वतःकडे त्या चष्म्यातून पाहत नव्हती.

माझ्या मते या मालिकेवरचा सर्वांत योग्य आक्षेप अभिनेत्रीच्या वर्णावर नसून मालिकेच्या प्रकारावर होता. ती माहितीपट म्हणून आली, तिच्यात अभ्यासक कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात, आणि त्यामुळे ‘आम्ही दाखवतो ते असेच होते’ असे आश्वासन प्रेक्षकाला न बोलता दिले जाते. रंगमंचावर तीच अभिनेत्री शेक्सपिअरची क्लिओपात्रा म्हणून उभी राहिली असती, तर मंत्रालयाला निवेदन काढण्याचे कारण उरले नसते. कलाकृती प्रेक्षकाला कोणते वचन देते, यावर तिने घेतलेली मोकळीक किती आणि कशी मोजायची, हे अवलंबून असते.

आता संधीचा प्रश्न. त्यासाठी १९१५ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी फेब्रुवारीत डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ प्रदर्शित झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध आणि त्यानंतरची पुनर्रचना हा त्याचा विषय होता. त्यातील महत्त्वाच्या कृष्णवर्णीय व्यक्तिरेखा गोऱ्या नटांनी चेहऱ्याला काळे फासून केल्या होत्या, नुकतेच मुक्त झालेले गुलाम हे धोकादायक आणि राज्य करण्यास नालायक आहेत असे दाखवले होते, आणि त्यांच्यावर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लानला तारणहार ठरवले होते. चित्रपटाचे तंत्र त्या काळाच्या फार पुढे होते, हेच अधिक घातक ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जिया राज्यात क्लानचे पुनरुज्जीवन झाले, आणि पुढे सभासद गोळा करण्यासाठी हाच चित्रपट वापरला गेला. ऐतिहासिक चित्रपट ‘नुसता चित्रपट’ असतो, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

याच वर्षी, याच महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्याच्या चित्रपट-तपासणी कायद्यावरील खटल्यात असा निकाल दिला की, चित्रपट दाखवणे हा निव्वळ नफ्यासाठी चालणारा धंदा आहे, म्हणून त्याला भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण मिळणार नाही. ‘द बर्थ ऑफ अ नेशन’वर बंदी यावी म्हणून एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना ठिकठिकाणी प्रयत्न करत होती, तर ग्रिफिथने उलट अमेरिकेतील भाषणस्वातंत्र्याच्या ऱ्हासाविषयी पुस्तिका लिहून स्वतःला पीडित ठरवले. म्हणजे कलात्मक स्वातंत्र्य आणि वांशिक चित्रण यांचा आजचा झगडा समाजमाध्यमांनी जन्माला घातलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा तो निकाल फिरवून चित्रपटाला अभिव्यक्तीचे साधन मानले, ते १९५२ मध्ये.

दरम्यान स्टुडिओंनी स्वतःच स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता १९३० मध्ये आली आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आणली गेली. गोऱ्या आणि काळ्या वंशांतील स्त्री-पुरुषांचे शरीरसंबंध पडद्यावर दाखवू नयेत, असा तिच्यात स्पष्ट नियम होता, आणि स्टुडिओ त्याची भीती इतर वंशांपर्यंत ताणत असत. १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्ये चिनी शेतकऱ्याची भूमिका पॉल म्युनी या गोऱ्या नटाला मिळाली, आणि एकदा नवरा गोरा ठरल्यावर बायकोच्या भूमिकेत चिनी वंशाची अभिनेत्री घेणे स्टुडिओला जड गेले. त्या काळची सर्वांत प्रसिद्ध चिनी-अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँग हिला डावलून ती भूमिका जर्मन वंशाच्या लुइझे रायनरला देण्यात आली, आणि रायनरला तिच्यासाठी ऑस्करही मिळाले. १९५६ मध्ये जॉन वेनने चंगीझ खान साकारला, तेव्हाही वंश जुळण्याची अट कोणी लावली नाही. तेव्हा ‘पात्र आणि नट यांचा वंश जुळलाच पाहिजे’ हा जणू कलेचा सनातन नियम असून तो आता मोडला जात आहे, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. अनेक दशके तो मोडला जात होता. फक्त एकाच दिशेने.

या पार्श्वभूमीवर आज पात्रनिवडीच्या दोन पद्धती प्रचारात आहेत आणि त्यांतला फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. एका पद्धतीत नटाचा वर्ण विचारातच घेतला जात नाही. जो चांगला अभिनय करील त्याला भूमिका मिळते, आणि प्रेक्षकानेही वर्ण नजरेआड करावा अशी अपेक्षा असते. रॉयल शेक्सपिअर कंपनीने २००० मध्ये डेव्हिड ओयेलोवो या कृष्णवर्णीय नटाला सहावा हेन्री केले, ते या परंपरेतले. दुसऱ्या पद्धतीत वर्ण मुद्दाम पाहिला जातो, कारण तो दिसावा आणि त्यातून काही अर्थ निघावा, हाच हेतू असतो. ‘हॅमिल्टन’ या संगीतिकेत अमेरिकेच्या संस्थापकांच्या भूमिका कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाच्या नटांनी केल्या. २०१५ मध्ये ती रंगभूमीवर आली आणि तिचे चित्रीकरण २०२० मध्ये घरोघरच्या पडद्यांवर पोचले. तिच्यात ‘हे राष्ट्र आज कोणाचे आहे’ असा प्रश्न नटांचे चेहरेच विचारत होते.

पहिली पद्धत ऐकायला अधिक उदार वाटते, पण तिच्यावरचा सर्वांत तिखट आक्षेप एका कृष्णवर्णीय नाटककाराने घेतला होता. ऑगस्ट विल्सन यांनी १९९६ मध्ये प्रिन्स्टन येथील भाषणात असे मांडले की, गोऱ्यांसाठी लिहिलेल्या भूमिकांत कृष्णवर्णीय नट बसवणे हा सन्मान नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या इतिहासाला आणि कथांना बाजूला सारणे आहे. पैसा त्या कथांवर खर्च व्हायला हवा. ‘हॅमिल्टन’वरही याच अंगाने टीका झाली. ज्या जॉर्ज वॉशिंग्टन आणि थॉमस जेफरसन यांच्या मालकीची शेकडो गुलाम माणसे होती, त्यांच्या भूमिका कृष्णवर्णीय नट करतात, पण ती गुलाम माणसे मात्र रंगमंचावर व्यक्तिरेखा म्हणून जवळजवळ येतच नाहीत. इश्माएल रीड या लेखकाने तर याच मुद्द्यावर २०१९ मध्ये एक नाटक रचले. चेहरे बदलल्याने अनुपस्थिती भरून निघत नाही, उलट ती झाकलीही जाऊ शकते, ही टीका मला आजही बिनतोड वाटते, जरी त्या संगीतिकेचे कर्तृत्व मी कमी लेखत नाही.

येथे एक वेगळाच गैरसमज आडवा येतो. पुष्कळदा पडद्यावर अनपेक्षित चेहरा दिसला की ‘त्या काळी तिथे अशी माणसे नव्हतीच’ असे ठामपणे सांगितले जाते, आणि हे ठामपण इतिहासातून नव्हे, तर आधीच्या चित्रपटांतून आलेले असते. इंग्लंडचा आठवा हेन्री याच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णीय तुतारीवादक होता. १५११ च्या वेस्टमिन्स्टर येथील शाही क्रीडासोहळ्याच्या नोंदपटावर, म्हणजे चर्मपत्राच्या लांबलचक गुंडाळीवर रंगवलेल्या चित्रांत, तो दोनदा दिसतो. आणि पगार वाढवून मिळावा म्हणून राजाकडे केलेला त्याचा अर्जही उपलब्ध आहे. ट्यूडर काळातील दरबार दाखवताना असा एखादा चेहरा आला, तर ती दिग्दर्शकाची कल्पनाभरारी नसून अभ्यास असू शकतो.

महायुद्धांवरील दोन चित्रपट या संदर्भात शेजारी ठेवण्यासारखे आहेत. २०१७ च्या ‘डंकर्क’मध्ये भारतीय जवान दिसत नाहीत, अशी तक्रार झाली, प्रत्यक्षात १९४० मध्ये ब्रिटिश सैन्याला रसद पुरवणाऱ्या भारतीय खेचरदलाच्या तुकड्या फ्रान्समध्ये होत्या आणि त्यांतील शेकडो जवान डंकर्कहून बाहेर पडले होते. याउलट २०१९ च्या ‘१९१७’मध्ये ब्रिटिश सैनिकांच्या ट्रकमध्ये एक शीख जवान दिसतो, तर ही विविधता ओढूनताणून आणली आहे, असे एक ब्रिटिश अभिनेता बोलला, पुढे त्याने शीख समाजाची माफी मागितली. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी आघाड्यांवर गेले होते. मात्र भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस पश्चिम आघाडीवरून मेसोपोटेमियाकडे हलवले गेले होते आणि फ्रान्समध्ये प्रामुख्याने घोडदळ उरले होते, त्यामुळे १९१७ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पलटणीत एकटा शीख शिपाई असणे ही दुर्मीळ गोष्ट असती, अशक्य मात्र नव्हे. म्हणजे ‘१९१७’ने तपशिलात सैलपणा घेऊन व्यापक सत्य जवळ आणले, तर ‘डंकर्क’ने तपशिलाच्या काटेकोरपणातही एक सत्य चौकटीबाहेर ठेवले. यावर असेही म्हणता येईल की, ‘डंकर्क’ मोजक्या माणसांच्या नजरेतून सांगितलेला आहे आणि त्या माणसांना खेचरदल दिसलेच पाहिजे अशी सक्ती दिग्दर्शकावर करता येणार नाही. ते खरे आहे. एकट्या चित्रपटाचा तो दोष नव्हे. पण अशा प्रत्येक चित्रपटाला हेच कारण पुरत गेले, की सगळे मिळून प्रेक्षकांच्या मनात सैन्याचे एक चुकीचे चित्र तयार करतात.

मला या सगळ्या विषयात खरी अडचण वाटते ती आणखी वेगळ्या ठिकाणी. त्वचेचा रंग हा पडद्यावर पहिल्या क्षणाला दिसतो, म्हणून त्यावरचा राग सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने व्यक्त होतो. कोणी काय केले, कधी केले आणि कोणामुळे घडले, हे बदलले तर ते सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि तेच अधिक काळ मनात टिकते. २०१८ च्या ‘मेरी क्वीन ऑफ स्कॉट्स’मध्ये इंग्रज राजदूताची भूमिका ॲड्रियन लेस्टर या कृष्णवर्णीय नटाने, तर दरबारातील एका उमराव स्त्रीची भूमिका चिनी वंशाच्या जेमा चॅनने केली, आणि त्याची बरीच चर्चा झाली. त्याच चित्रपटाचा कळस असलेली मेरी आणि एलिझाबेथ या दोन राण्यांची समोरासमोरची भेट मात्र प्रत्यक्षात कधीच झाली नव्हती. जर्मन नाटककार शिलरने १८०० सालच्या आपल्या नाटकात अशी भेट रंगवली, आणि ती नाट्यपूर्ण असल्याने पडद्यावर पुन्हा पुन्हा येत राहिली. राजदूत कृष्णवर्णीय होता असे समजून कोणी चित्रपटगृहातून बाहेर पडला असेल, असे मला वाटत नाही. राण्या भेटल्या होत्या असे समजून पुष्कळ जण बाहेर पडले असणार.

‘हिडन फिगर्स’ हा २०१६ चा चित्रपट या दृष्टीने फार शिकवून जातो, कारण त्यातील सगळे चेहरे ‘बरोबर’ आहेत आणि हेतूही चांगला आहे. अमेरिकेच्या अवकाशमोहिमांसाठी गणिते करणाऱ्या तीन कृष्णवर्णीय स्त्रियांची ही खरी गोष्ट. चित्रपटात १९६१ च्या सुमारास कॅथरिन जॉन्सन कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या स्वच्छतागृहाकडे दूरवर धावत जाते, आणि हे कळल्यावर तिचा गोरा वरिष्ठ पाटी तोडून टाकतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण हा वरिष्ठ काल्पनिक आहे आणि पाटी तोडण्याचा प्रसंगही. जॉन्सन यांनी स्वतः सांगितले होते की, त्या पाटी नसलेले जवळचेच स्वच्छतागृह वापरत असत. डोरोथी व्हॉन पर्यवेक्षकपदासाठी झगडताना दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्याकडे आपल्या विभागाची धुरा १९४९ मध्येच आली होती. मेरी जॅक्सन १९५८ मध्येच अभियंता झाल्या होत्या. आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचा तो वेगळा विभागही १९५८ मध्ये, नासाची स्थापना होताना, बंद झाला होता.

हे बदल नुसते वेळापत्रकाचे नाहीत. जॉन्सन यांनी अन्यायाचा नियम मनावरच न घेता ओलांडला होता. चित्रपटात तोच नियम एक भला गोरा माणूस त्यांच्यासाठी मोडून देतो. व्हॉन यांनी बारा वर्षांपूर्वी मिळवलेले पद त्यांच्याकडून काढून घेऊन, चित्रपटाच्या शेवटी ते त्यांना पुन्हा बहाल केले जाते. पटकथेला कळस हवा असतो, दोन तासांत काळ आवळावा लागतो, हे मान्य आहे; पण काळ आवळताना कर्तेपण एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते, तेव्हा ती तांत्रिक गरज राहत नाही. २०१२ च्या ‘लिंकन’वरही केट मेझर या इतिहासकार स्त्रीने हाच आक्षेप घेतला होता: गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती गोरे राजकारणी घडवून आणतात, आणि कृष्णवर्णीय व्यक्ती बहुतेक वाट पाहत उभ्या राहतात, जरी वॉशिंग्टनमध्ये त्या काळी त्यांचे स्वतःचे संघटित कार्य चालू होते. गंमत अशी की, त्या चित्रपटाविषयी गाजलेली दुसरी तक्रार कनेक्टिकट राज्याच्या एका लोकप्रतिनिधीची होती; त्याच्या राज्याच्या दोन सदस्यांनी दुरुस्तीविरुद्ध मत दिल्याचे दाखवले होते, प्रत्यक्षात चौघांनीही बाजूने मत दिले होते. पटकथाकाराने बदल केल्याचे मान्य केले आणि नाट्यासाठी तो केल्याचे समर्थनही केले.

असे फेरफार फक्त गोऱ्यांच्या बाजूने होतात, असेही नाही. २०२२ च्या ‘द वुमन किंग’मध्ये पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी राज्याच्या स्त्रीसैनिकांचे शौर्य दाखवले आहे. या पलटणी खरोखर होत्या, आणि त्यांना मुख्य प्रवाहातल्या भव्य चित्रपटात पाहणे ही अनेकांसाठी अपूर्व गोष्ट होती. पण चित्रपटातील सेनापती १८२३ मध्ये गेझो राजाला गुलामांचा व्यापार सोडून पामतेलाकडे वळण्यास सांगते, आणि कथेचा नैतिक भार त्यावर उभा राहतो. प्रत्यक्षात गेझोच्या राजवटीत हा व्यापार पुढेही चालू राहिला. १८५२ मध्ये ब्रिटिश नाकेबंदीच्या दबावाखाली त्याने तो थांबवण्याचा करार केला, आणि काही वर्षांतच व्यापार पुन्हा सुरू झाला. ज्यांना पकडून विकले गेले त्यांच्या वंशजांपैकी काहींना हा गौरव खटकला, यात नवल नाही.

मग कायदा काय म्हणतो? अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात लिंग, धर्म किंवा राष्ट्रीय मूळ ही कामाची खरोखरची गरज असेल तर नोकरीत अपवाद करता येतो. वंशासाठी असा अपवाद ठेवलेलाच नाही. हे शब्दशः घेतले, तर लिंकनसाठी गोराच नट हवा असे म्हणणेही बेकायदा ठरावे. व्यवहारात तसे होत नाही, कारण कोणाला घ्यायचे हा कलाकृतीच्या आशयाचाच भाग मानला जातो. टेनेसीतील एका संघीय न्यायालयाने २०१२ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या खटल्यात पात्रनिवडीला याच आधारावर राज्यघटनेचे संरक्षण दिले. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यात कामाच्या गरजेचा अपवाद वंशालाही लागू होऊ शकतो. ऑस्करच्या नियमांविषयी तर अफवाच जास्त आहेत. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०२४ च्या सोहळ्यापासून लागू झालेल्या समावेशकतेच्या चार निकषांपैकी दोन पुरे करावे लागतात, आणि ते पडद्यामागील विभागप्रमुख, प्रशिक्षणाच्या संधी, प्रसिद्धी विभाग यांच्याद्वारेही पुरे होतात. बहुतांश गोऱ्या नटांचा ‘ओपनहायमर’ त्याच वर्षी विजेता ठरला.

कायद्यापेक्षा कितीतरी घट्ट बंधन पैशाचे असते. २०१४ च्या ‘एक्झोडस’मध्ये इजिप्ती आणि हिब्रू व्यक्तिरेखांसाठी गोरे नट का घेतले, यावर दिग्दर्शक रिडली स्कॉट यांनी सरळ सांगितले की, अपरिचित नावाचा नायक घेतला असता तर एवढ्या खर्चाच्या चित्रपटाला भांडवलच मिळाले नसते. त्याच वर्षी ‘सेल्मा’ची दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने हिला मार्टिन ल्यूथर किंग यांची खरी भाषणे वापरता आली नाहीत, कारण ती स्वामित्वहक्काखाली आहेत आणि चित्रपटासाठीचे हक्क दुसऱ्या प्रकल्पाला दिलेले होते, तिने त्याच आशयाची नवी भाषणे लिहिली. कलात्मक स्वातंत्र्याची चर्चा करताना सरकार आणि संतप्त प्रेक्षक एवढेच डोळ्यासमोर येतात, पण गुंतवणूकदार आणि हक्कधारक रोजच्या रोज अधिक निर्णय घेतात.

आणि म्हणूनच टीका व बंदी यांतला भेद महत्त्वाचा आहे. ‘एक्झोडस’वर अमेरिकेत बहिष्काराची हाक दिली गेली, ती अभिव्यक्ती होती, इजिप्तने ऐतिहासिक चुकांचे कारण देत चित्रपट दाखवण्यासच मनाई केली, ती सत्ता होती. जून २०२० मध्ये एचबीओ मॅक्सने ‘गॉन विथ द विंड’ काही दिवस काढून घेतला, तेव्हा दोन्हींची गल्लत झाली. गुलामगिरीला रम्य रूप देणारा हा १९३९ चा चित्रपट. त्यातील भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या हॅटी मॅक्डॅनियल या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या, आणि त्याच सोहळ्यात त्यांना सहकलाकारांपासून दूर वेगळ्या टेबलावर बसावे लागले. चित्रपट त्याच महिन्यात परत आला, तो एकही दृश्य न कापता, फक्त आधी चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांचे काही मिनिटांचे प्रास्ताविक जोडून. ज्यांना ते नको असेल त्यांना ते वगळून थेट चित्रपट पाहता येत होता.